पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा: पंचवटीतल्या दुकानातून साऊंडबॉक्सचा रिव्ह्यू

दुकानासाठी साऊंडबॉक्स घेऊ का नको असं अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. आमचं पूजा साहित्याचं दुकान आहे, पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे गिऱ्हाईक कसं असतं ते नाशिककरांना सांगायला नको, अर्धं रोजचं ओळखीचं आणि अर्धं सकाळी बसमधून उतरलेलं, दुपारी त्र्यंबकला नाहीतर शिर्डीला निघून जाणारं, परत तोंड दिसेल याची गॅरंटी नाही. डबा चांगला आहे, मी काही काढून टाकणार नाही. पण ज्याने कोणी तो डिझाइन केलाय त्याने दुकानदाराच्या कानाचा विचार केला आणि काउंटरसमोर उभ्या असलेल्या बाकीच्या दहा कानांचा केला नाही. माझं सगळं कौतुक आणि सगळी तक्रार या एकाच गोष्टीपाशी येते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. रंग वेगळे, आवाज वेगळा, आत सगळ्यांचं सारखंच.

आधी हे कसं चालतं ते, कारण आमच्या लाइनीत निम्म्या लोकांना वाटतं की डबा मोबाइलला जोडलेला असतो. तसं नाहीये. त्याच्यात स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून पिन टाकतं, त्याच्या बँकेतून पैसे निघतात, आपल्या बाजूला जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून सिमच्या नेटवर्कवर डब्याला. मग डबा बोलतो. मोबाइल घरी विसरला, गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या अप्पांच्या खिशात राहिला, बंद पडला, काही बिघडत नाही. आणि बोलतो म्हणजे काय तर आधीच रेकॉर्ड केलेले शब्द एकाला एक जोडतो, म्हणून "चारशे" नंतर अर्धा सेकंद थांबून "ऐंशी" येतं. मराठीचा पर्याय आहे, हिंदी आहे, गुजराती पण आहे. आम्ही मराठीच ठेवलंय, कारण ऐकायचं अप्पांना आहे.

आता याची गरज का पडली ते समजल्याशिवाय या डब्याची खरी किंमत कळत नाही. यूपीआय आलं २०१६ मध्ये, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि मग हळूहळू सगळ्यांनी काउंटरवर क्यूआरचे स्टिकर चिकटवले. पैसे द्यायची सोय झाली, पण पैसे आले हे दुकानदाराला कळायची सोय अशी काही नव्हतीच. बँकेचा मेसेज कधी लगेच यायचा, कधी गिऱ्हाईक घरी पोचल्यावर. तोपर्यंत काय, तर "दाखवा बरं". हे दाखवा बरं प्रकरण फार वाईट होतं हो. वीस वर्षं आमच्याकडून कापूर-उदबत्ती नेणारा माणूस, त्याला अप्पा म्हणणार मोबाइल दाखवा, तो दाखवणार पण चेहरा असा की तुम्ही माझी झडती घेताय. नाही बघितलं तर आपलं नुकसान, बघितलं तर तो दुखावला. शेवटी अप्पांनी ओळखीच्यांना विचारणं सोडलं आणि अनोळखी लोकांना विचारायला लागले, म्हणजे बाहेरगावचा भाविक चोर आणि पेठेतला माणूस साव असा हिशोब झाला. त्यात खोट्या स्क्रीनशॉटचे प्रकार सुरू झाले, हिरवी टिकमार्क, टुंग आवाज, सगळं हुबेहूब, फक्त खात्यात काही नाही. गर्दीच्या वेळी कोण नीट बघतंय.

डबा आल्यावर हे सगळं एका फटक्यात संपलं. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती ही, की आता दुकानदार विचारतच नाही. तिसराच कोणीतरी सांगतो. गिऱ्हाईकाला पण बरं वाटतं, त्याला स्वतःहून मोबाइल आपल्या नाकासमोर धरावा लागत नाही, आवाज आला की पिशवी उचलून चालायला लागतो. पूर्वी नोट हातात पडली की दोघांनाही कळायचं व्यवहार झाला. मधल्या काही वर्षांत तो क्षण हरवला होता, डब्याने तो परत आणला. अप्पा तर सकाळच्या पहिल्या गिऱ्हाईकाला, म्हणजे भवानीला, जशी नोट कपाळाला लावायचे तसा आता डबा बोलला की त्याला नमस्कार करतात. मी आधी हसलो, आता मी पण करतो.

आणि याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झालाय ते बघायचं असेल तर बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जा. तिथे एक मावशी आमच्या नेहमीच्या, पालेभाजी घेऊन बसतात, वाचता येत नाही. पूर्वी नातू सोबत असेल तरच क्यूआर बाहेर काढायच्या, नाहीतर सरळ "रोख द्या बाबा". आता डबा पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून मेथीच्या जुड्यांच्या मागे ठेवलेला असतो. भाजीवर पाणी मारताना डब्यावर उडू नये म्हणून ही सोय त्यांनी स्वतःच केलेली. डबा बोलला की त्या तोच आकडा मोठ्याने परत म्हणतात, "तीस आले", आणि मगच पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतात. स्क्रीन न वाचता, कोणावर अवलंबून न राहता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या डब्याला दोन स्टार डोळे झाकून देतो.

आता दुसरी बाजू.

डबा रक्कम सांगतो आणि मोठ्याने सांगतो. आपल्या बाजारात रक्कम ही मुठीत ठेवायची गोष्ट होती. एक उदाहरण सांगतो. तांब्याचा गडू, एक नेहमीच्या ताई घेऊन गेल्या, त्यांना सहाशे चाळीसला दिला. मागे एक काका उभे, त्यांना मी नुकतंच सातशे सांगितलेलं. डबा बोलला, "सहाशे चाळीस रुपये प्राप्त झाले". काकांनी काही न बोलता आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ताईंच्या हातातल्या गडूकडे. मी म्हटलं वजनात फरक आहे. फरक होता, पण साठ रुपयांचा नव्हता, आणि हे काकांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. सहाशे चाळीसच घेतले. कोणी म्हणेल चांगलंच झालं, एकच भाव ठेवा. ठेवतो की, पण मग रोजच्या माणसाला दोन पैसे कमी लावायचे ते लावायचे कसे? ओळखीला किंमत असते हे आमच्या धंद्याचं जुनं गणित आहे आणि ते हळू आवाजातच चालतं.

रामकुंडावरच्या एका गुरुजींना हे माझ्या कितीतरी आधी कळलं. त्यांच्याकडे क्यूआर आहे, छोटा लॅमिनेट केलेला, पूजेच्या पिशवीत असतो. कंपनीचा माणूस डबा घेऊन आला तर त्याला सरळ परत पाठवला. म्हणे दक्षिणा मोठ्याने जाहीर झाली की पुढचा यजमान तेवढीच देणार, आणि ज्याने कमी दिली त्याला चारचौघात लाज. एकदम बरोबर आहे. दक्षिणा, आहेर, वर्गणी, या पाकिटात घालून द्यायच्या गोष्टी. त्या पाकिटावर आकडा ओरडणारं मशीन बसवलं तर देणारा पण बदलतो आणि घेणारा पण. उलट गणपतीच्या वर्गणीच्या वेळी आमच्या गल्लीतल्या पोरांनी मंडपात मुद्दाम फुल आवाजात डबा लावला होता, तिथे त्यांना तेच पाहिजे होतं, अमुक काकांचे एकावन्न आले हे सगळ्यांना ऐकू जावं आणि तमुक काकांनी पाचशे एक टाकावेत. डबा तोच.

शेजारच्या दुकानाचं तर काय सांगू. आमच्या बाजूला प्रसाद आणि पेढ्यांचं दुकान आहे, काका दिलदार माणूस, पण संध्याकाळी दुकान बंद करताना मलाच विचारतात "आज दुपारनंतर थंडच होतं ना तुझं". म्हणजे त्यांनी मोजलेलं असतं. मुद्दाम नाही मोजत, कानावर पडतंच. मी पण त्यांचं ऐकतोच की. पूर्वी कोणाचा गल्ला किती हे फक्त ज्याचा त्याला माहीत असायचं, आता सगळ्या लाइनीला एकमेकांचा धंदा तोंडपाठ आहे. कोणाकडे बराच वेळ आवाज आला नाही की ते पण सगळ्यांना कळतं. असा शांत बसलेला डबा अंगावर येतो, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात जास्त जे खटकलं ते वेगळंच आहे. आमच्याकडे येणारं बरंच गिऱ्हाईक रामकुंडावर अस्थी विसर्जनाला नाहीतर दशक्रियेला आलेलं असतं. तीळ, दर्भ, पांढरं वस्त्र, जव, हे घ्यायला घरातला एखादा मुलगा येतो, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, कधी बोलायची पण ताकद नसते. हळू आवाजात विचारतो किती झाले, स्कॅन करतो, आणि मग हा डबा आनंदात टिंग टिंग वाजवून लग्नातल्या निवेदिकेच्या थाटात रक्कम जाहीर करतो आणि वर धन्यवाद. अहो कसंतरी होतं. माझ्या डब्याला एका झटक्यात गप्प करायचं बटणच नाही, आवाज कमी करायचा तर ते वजाचं बटण दाबत बसा, प्रत्येक दाबाला तो "टुक" करतो, शेवटी "आवाज कमी आहे" असं पण बोलून दाखवतो. मग तो माणूस गेला की परत वाढवा, कारण अप्पांना ऐकू येत नाही. मी आता असं गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं की डबा उचलून कापसाच्या वातींच्या पिशव्यांमध्ये खुपसतो. आवाज येतो, पण दबका. कंपनीच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो "सर, फीडबॅक पुढे पाठवतो". ऑफिसात बसून हे बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर चहाची टपरी असेल, किराणा असेल, मेडिकल असेल. घाटावरचं दुकान नसणार. बरं, मेडिकल तरी कुठे, तिथेही माणूस काय घेतोय आणि कितीचं घेतोय हे मागच्याला कळू नये असं वाटणारे असतातच की.

एक धंद्याची अडचण पण सांगतो, ही नवीन घेणाऱ्यांनी नीट वाचा. डबा रक्कम सांगतो, नाव सांगत नाही. अमावस्येची गर्दी, दोन जणांनी एकसारखं पूजेचं ताट घेतलं, दोघांचे एकशे वीस. डबा एकदाच बोलला. दोघंही म्हणतात माझे गेले. दोघांच्या मोबाइलवर हिरवी खूण. एकाचे अडकले होते, पण कोणाचे ते डबा काही सांगणार नाही. पाच मिनिटं दोघं एकमेकांकडे असे बघत होते की बास, ओळख ना पाळख आणि भांडण माझ्या दुकानात. शेवटी ॲप उघडून नाव बघितलं, तोपर्यंत मागची चार गिऱ्हाइकं शेजारी गेली. तेव्हापासून मी एक युक्ती काढलीये, गर्दीत सारखी रक्कम आली की दुसऱ्याला एक रुपया कमी टाकायला सांगतो. एकशे वीस, एकशे एकोणीस. लोकांना वाटतं सूट दिली, खूश होतात. स्क्रीनवाले डबे पण आलेत, आपण रक्कम टाकली की त्या बिलापुरता क्यूआर स्क्रीनवर येतो, त्यात हा घोळ कमी होतो, पण दर वेळी आकडा टाकायचा म्हणजे अप्पांचं काम नाही.

पैसे अडकतात तेव्हा काय हे पण लोकांना माहीत नसतं आणि सगळा राग दुकानदारावर निघतो. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे, दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये खात्यातून गेले आणि व्यवहार पूर्ण झाला नाही तर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे मी कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. भाविकाची बस सुटत असते, त्याला पाच दिवस म्हणजे थट्टाच वाटते, तरी लिहिलेलं दाखवलं की आवाज खाली येतो. आणि डबा गप्प असला म्हणजे पैसे आलेच नाहीत असंही नाही बरं का. कधी सिमला रेंज नसते आणि मग दोन मिनिटांनी डबा एकदम चार रकमा सलग म्हणतो, तेव्हा सगळं दुकान हसतं. पर्वणीला, महाशिवरात्रीला घाटावर गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्कच गुदमरतं, डबा तरी काय करणार. २०१५ च्या सिंहस्थात यूपीआय नव्हतंच, सगळा कारभार नोटांचा आणि सुट्ट्यांचा. आता २०२७ ला नाशिकचा हा पहिलाच सिंहस्थ असेल ज्यात लाखो लोक खिशात फक्त मोबाइल घेऊन येतील. आम्ही गल्ल्यात सुट्टे ठेवणार, ज्याला जे समजायचं ते समजा.

भाडं. महिन्याला शंभर-सव्वाशेच्या घरात, आपल्या जमेतूनच परस्पर कापतात. फुकट म्हणून देतात आणि नंतर भाडं सुरू होतं असाही अनुभव आमच्या लाइनीत आहे. कंपनीला पण कुठूनतरी कमवायचंय म्हणा, कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही असा नियम आहे. मग कमाई डब्याच्या भाड्यातून आणि कर्जातून. हो कर्जातून. तुमची रोजची उलाढाल त्यांना दिसते, त्यामुळे दिवाळीच्या आधी बरोबर फोन येतो, "सर आपल्याला प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे", आणि हप्ता पण रोजच्या जमेतूनच कापणार. माझ्या एका मित्राने कॉलेज रोडच्या दुकानातला डबा परत दिला तरी पुढचे काही महिने भाडं कापलं जात होतं, कस्टमर केअरला फोन करून करून थकला, शेवटी ते खातंच बदललं.

आणि बंगळुरूचं प्रकरण वाचलं असेल. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कितीतरी जणांनी क्यूआर काढून फक्त रोख अशा पाट्या लावल्या. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, बहुतेक टपरीवाला त्याच्या आतच असतो, पण भीतीला आकडा कळत नाही. त्या महिन्यात आमच्याकडे पण दोघा-तिघांनी डब्याचा आवाज बारीक केला होता. आवाज बारीक केल्याने सरकारला कमी दिसतं असं थोडंच आहे, डबा मुका केला तरी नोंद होतेच. तरी केला. ऐकू येतं तेच माणसाला खरं वाटतं, आणि डबा चालतो तो पण याच्यावरच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशभरात महिन्याच्या यूपीआय व्यवहारांची संख्या पहिल्यांदा २००० कोटींच्या वर गेली. म्हणजे पाट्या कितीही लावा, लोक थांबलेले नाहीत.

बाकी किरकोळ. बॅटरी ठीक, रात्री चार्जिंगला लावायची सवय ठेवा. आवाजाचा दर्जा चांगला, भर बाजारात ऐकू येतो. धूळ आणि कापराची काजळी बसून स्पीकरची जाळी काळी होते, जुना टूथब्रश फिरवा. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी वाढलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत आलं की आम्ही माल वर चढवतो, तेव्हा गल्ल्याबरोबर डबा पण पिशवीत जातो, आतापर्यंत भिजलेला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक स्टार त्या गप्प करायच्या बटणाचा कापलाय, अर्धा भाड्याचा. घ्यायला जाल तेव्हा कंपनीच्या माणसाला तीन गोष्टी तोंडी नको, लिहून मागा: भाडं कोणत्या महिन्यापासून, डबा परत केल्यावर कापणं कधी थांबणार, आणि बिघडला तर बदलून द्यायला कोण येणार. तिसऱ्या प्रश्नाला तो स्वतःचा नंबर देईल, तो घेऊ नका, दोन महिन्यांत तो दुसऱ्या कंपनीचा डबा विकत असतो. आमच्याकडे आलेला तर आता त्या नंबरवर विमा विकतोय.